पहिल्या पसंतीचा रकाना

मेडिकल प्रवेशाचा अर्ज भरताना मी जी अक्कल चालवली, ती पुढे कुठल्या पेशंटवर चालवली जाऊ नये अशी माझी रोजची प्रार्थना असते. अजून मी दुसऱ्या वर्षाला आहे, त्यामुळे जनता तूर्त सुरक्षित आहे.

माझी आई पनवेलच्या बाजारात मासळी विकते. तिचं माहेर उरणच्या किनाऱ्यावरचं, माझे वडील बंदरात कामाला. अकरावी-बारावीच्या दोन्ही वर्षांत दर रविवारी सकाळी मी तिच्या शेजारी पाटावर बसायचे. रविवारी गिऱ्हाईक फार असतं आणि एकटीला कापणं, देणं, पैसे घेणं जमत नाही. बायोलॉजीचं पुस्तक मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून नेत असे. तरी त्याला वास लागायचाच, आणि क्लासमध्ये माझ्या शेजारची जागा बहुधा रिकामी राहायची. मला त्याचं काही वाटत नसे. ऐसपैस बसायला मिळायचं.

बाजारात मी अभ्यास केला तो मुख्यत्वे गिऱ्हाइकांचा. ज्याला पापलेट हवंय ते गिऱ्हाईक पापलेटाकडे कधी बघत नाही. ते आधी कोपऱ्यातल्या मांदेलीचा भाव विचारणार, मग बोंबील दाबून बघणार, मग "आज काही खास दिसत नाही" म्हणून दोन पावलं पुढे जाणार, आणि जाता जाता, मागे वळून, अगदी आईवर उपकार केल्यासारखं, "हे कसं दिलं?" म्हणून पापलेटाकडे बोट करणार. आईसुद्धा काही कमी नव्हती. चांगली सुरमई ती टोपलीत बर्फाखाली दडवून ठेवायची आणि सगळं बोलून झाल्यावर "तुमच्यासाठी म्हनून काडते हां" असं म्हणत बाहेर काढायची. दोन्ही बाजूंनी मनातलं मनात ठेवायचं आणि शेवटी सौदा व्हायचा. यावरून मी एक सिद्धान्त मांडला की, जे हवं ते आधी सांगणारा माणूस मूर्ख असतो. हा सिद्धान्त बारावीच्या कुठल्याच पुस्तकात नव्हता, त्यामुळे मला त्याचा विशेष अभिमान होता.

नीट परीक्षेचा निकाल लागला. मार्क चांगले पडले. इतके चांगले की, मुंबईतल्या एका जुन्या सरकारी कॉलेजची यादी गेल्या वर्षी जिथे थांबली होती, त्याच्या थोडी वरच मी होते. ते कॉलेज मला हवं होतं. हवं म्हणजे किती, तर त्याच्या फाटकाचा फोटो मी मोबाईलमध्ये एका अशा फोल्डरमध्ये ठेवला होता, ज्याला मी 'केमिस्ट्री नोट्स' असं नाव दिलं होतं. तिथे होस्टेलला राहिले असते तर दर शनिवारी घरी येता आलं असतं, रविवारी सकाळी आईच्या शेजारी बसता आलं असतं. पण हे मी कुणालाही सांगितलं नाही.

आईने विचारलं होतं. मासळी विकून ती घरी आली, पाय धुतले आणि म्हणाली, "तुला कुटं जावाचं हाय?"

"बघू," मी म्हटलं. "कुठलंही चालेल. डॉक्टर होण्याशी मतलब."

"मंग बरं हाय," ती म्हणाली. "कुटंपन जा. आमाला काय."

तिला खरंच काही वाटत नाही असं मी धरून चालले. जिने आयुष्यात पहिला भाव कधी खरा सांगितला नाही, तिचं बोलणं मी शब्दशः घेतलं. माझ्या हुशारीचा हा पहिला नमुना.

दुसरा नमुना असा. आमच्या क्लासच्या सरांनी सगळ्यांना बोलावून प्राधान्यक्रमाचा अर्ज समजावून सांगितला. कॉलेजांची नावं ज्या क्रमाने हवीत त्या क्रमाने लिहायची. वरून खाली बघत, मार्कांत बसणारं पहिलं कॉलेज आपल्याला मिळतं. खालच्या पसंतीचं मिळालं, तर ते धरून ठेवून पुढच्या फेरीत वरच्यासाठी थांबता येतं. पण एक नंबरला लिहिलेलंच मिळालं, तर ते घ्यावंच लागतं. पुढच्या फेऱ्यांतून नाव बाद. "तेव्हा डोकं चालवू नका," सर म्हणाले. "जे सगळ्यांत जास्त हवं, ते एक नंबरला. बस."

मी वहीत लिहून घेतलं आणि मनात म्हटलं, सर भोळे आहेत. सर शुद्ध शाकाहारी होते. बाजारात उभं राहून त्यांनी आयुष्यात कधी पापलेट घेतलं नव्हतं. त्यांना काय ठाऊक?

अर्ज भरायला मी स्टेशनजवळच्या सायबरवाल्याकडे गेले, भर दुपारी. आत पालकांची ही गर्दी. एक वडील आपल्या मुलाच्या यादीवरून बायकोशी फोनवर भांडत होते. मी मात्र एकटी गेले होते, कारण माझं सगळं ठरलेलं होतं. पहिली फेरी म्हणजे भाव विचारण्यापुरती, खरा सौदा दुसऱ्या फेरीत, तेव्हा क्रम नव्याने लावता येतो. म्हणून एक नंबरला मी विदर्भाच्या टोकाचं एक नवं कॉलेज लिहिलं, जे फारसं कुणी मागत नाही आणि मला तर अजिबात नको होतं. दोन आणि तीन नंबरला इकडची तिकडची. आणि चार नंबरला, अगदी सहज, उठता उठता लिहावं तसं, मुंबई.

तो नियम मी विसरले होते असं नाही. वहीत तो पिवळ्या पेनाने अधोरेखित केलेला होता. पण मी स्वतःची समजूत घातली होती की, पहिल्या फेरीत कुणाला कधी पहिल्या पसंतीचं मिळतं का? आणि जे कुणीच मागत नाही, तेच मी मागितलं होतं, म्हणजे ते मिळणारच, ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. खरं कारण त्याहून लाजिरवाणं होतं. एक नंबरच्या रकान्यात मुंबई लिहायला मी धजत नव्हते. तिथे लिहिलं असतं आणि मिळालं नसतं, तर मला काय हवं होतं आणि ते मला मिळालं नाही, हे कागदावर आलं असतं. चार नंबरला लिहिलेलं हुकलं तर म्हणता येतं, आपण कुठे एवढं मनावर घेतलं होतं?

"ताई, हाच क्रम?" सायबरवाल्याने विचारलं. "मुंबई खाली?"

मी त्याच्याकडे बघून असं हसले, जणू त्याला या विषयातलं काही कळत नाही. त्याने बटण दाबलं.

यादी लागली. माझ्या नावापुढे विदर्भाचं कॉलेज होतं, आणि त्यापुढे पसंती क्रमांक एक. खाली अभिनंदन केलेलं होतं. मी ते पान तीनदा बंद करून उघडलं. मग क्लासच्या ग्रुपवर बातम्या यायला लागल्या, आणि मला कळलं की माझ्यापेक्षा कमी मार्क असलेल्या, सरांचं मुकाट्याने ऐकणाऱ्या एका मुलीला मुंबई मिळाली. माझ्याच शेजारी बसायचं टाळणारी ती. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले.

नियम पुन्हा वाचले, सरांना फोन केला. सर म्हणाले, "एमबीबीएस सगळीकडे एमबीबीएसच असतं." माणूस फार चांगला. मूर्ख म्हणाला असता तरी मी काही बोलू शकले नसते.

आता घरी काय सांगायचं? गाढवपणा केला म्हणायचं? बाजारात वाढलेली मुलगी, भाव विचारता विचारता आपणच विकली गेली म्हणायचं? आई संध्याकाळी आली तेव्हा मी म्हटलं, "मुंबईला मार्क थोडे कमी पडले. विदर्भात मिळालंय. सरकारी आहे."

ती हातातली पिशवी धरून उभी राहिली. मग म्हणाली, "थोडं म्हंजे किती?"

"थोडेच," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली आणि चूल पेटवायला गेली. म्हणजे गॅसच, पण आमच्याकडे म्हणतात तसं. त्या दिवशी ती फारसं बोलली नाही. मला वाटलं, दमली असेल.

विदर्भाबद्दल तक्रार करायला मला जागा नाही. कॉलेज चांगलं आहे, शिकवणारे मनापासून शिकवतात, तलावातली मासळी मिळते आणि ती मी नाक मुरडून का होईना खाते. शरीररचनेच्या वर्गात पहिल्याच दिवशी माझा हात अजिबात थरथरला नाही. बाईंनी विचारलं, सुरी चालवायची सवय कुठे झाली? मी म्हटलं, घरी. बाई दोन पावलं मागे सरकल्या. एवढंच की पनवेल तिथून एक दिवस नि एक रात्र लांब आहे, आणि वर्षातून दोनदाच घरी येणं होतं.

यंदा दिवाळीला आले, तेव्हा सुट्टीत पहिल्यांदाच रविवार सापडला आणि घरात एक बदल दिसला. धाकटी बहीण दहावीला आहे, पण रविवारी सकाळी ती घरी अभ्यासाला बसलेली. मी विचारलं, बाजारात नाही गेलीस? ती म्हणाली, "आई फिरकूच देत नाही. गेल्या वर्षापासून एकटीच जाते. मी एकदा गेले तर सगळ्यांसमोर ओरडली."

मी चपला घातल्या आणि बाजारात गेले. गर्दी होती. आईची पाठ माझ्याकडे होती. समोर करंजाड्याच्या एक निवृत्त शिक्षिका उभ्या होत्या, आमचं जुनं गिऱ्हाईक, दर रविवारी येणाऱ्या. त्या म्हणत होत्या, "मावशी, धाकटीला घ्या ना मदतीला. किती धावपळ तुमची."

"नको बाई," आई कोयता चालवत म्हणाली. "मोटीला बसवली दोन वरसं, त्याचं फल बगितलं. तिचं मुंबयचं हुकलं माज्यामुलं. दर रविवारी हितं मासल्यात बसली नसती तर थोडं मार्क वाडलं असतं. थोडंच कमी पडलं बगा. माजा सवार्थ, दुसरं काय. आता एवडी लांब जाऊन राहिली पोर."

ती हे सवयीने बोलत होती. भाव सांगावा तसं, बिनचूक. म्हणजे हे ती पहिल्यांदा सांगत नव्हती. सव्वा वर्ष दर रविवारी कुणा ना कुणाला सांगत आली होती. मी माझी लाज झाकायला एक वाक्य बोलले होते, आणि ते हिने उचलून स्वतःच्या डोक्यावर घेतलं होतं.

"आई," मी म्हटलं.

तिने वळून बघितलं. "तू कनाला आयलीस? कपडं खराब होतील."

"मार्क कमी नव्हते."

"काय?"

"मुंबईला मार्क कमी पडले नव्हते. पुरत होते. वर होते. मी खोटं सांगितलं." बाई ऐकत होत्या, शेजारच्या पाटावरच्या दोघी ऐकत होत्या, पण आता थांबले असते तर पुन्हा कधीच बोलले नसते. "मी अर्जात मुंबई चार नंबरला लिहिली. एक नंबरला विदर्भ लिहिलं. म्हणून ते मिळालं."

आईने कोयता खाली ठेवला. "मुंबय पायजे व्हती तर चार नंबरला कनाला लिवलीस?"

मी सांगितलं. गिऱ्हाईक पापलेटाकडे बघत नाही ते सांगितलं, पहिली फेरी भाव विचारण्यापुरती ते सांगितलं. बाजारात उभं राहून मोठ्याने सांगताना तो सिद्धान्त जितका वेडगळ वाटला, तितका त्याआधी कधी वाटला नव्हता. शिक्षिकाबाईंनी पदर तोंडाला लावला.

"अगं येडे," आई म्हणाली, "गिऱ्हाईक नाटक करतं ते मला दिसतं म्हनून चालतं. त्याचं डोलं कुटं जातं ते मी बगते. तुज्या त्या कंप्युटरला काय डोलं हायत?"

शेजारच्या दोघी खो खो हसल्या. मीही हसले, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. आता शिव्या पडणार म्हणून मी तयारीत होते, आणि त्या पडायलाच हव्या होत्या. पण आई हसली नाही आणि ओरडलीही नाही. तिने ओले हात लुगड्याला पुसले, पुन्हा पुसले, आणि माझ्या जवळ आली.

"म्हंजे हितं बसलीस म्हनून नाय?" तिने हळू आवाजात विचारलं.

"नाही."

"माज्यामुलं नाय?"

"नाही, आई. तुझ्यामुळे नाही. माझ्यामुळे."

तिने शिक्षिकाबाईंकडे बघितलं, त्यांनी ऐकलं की नाही ते बघायला. मग पुन्हा माझ्याकडे वळली. "परत सांग," ती म्हणाली.