चाचीच्या डब्यातली भज्जी

वेळ अमावस्येला आमच्या मुडबीकडच्या शिवारात घरी कुणी जेवत नाही. ज्वारीत कडब्याची कोप उभी करायची, चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून पुजायचे, आंबील शिंपायची आणि बांधावरून जाईल त्याला हाक मारून पंगतीला बसवायचं. शेजारच्या शेतातली चाचीही पहाटे उठून भज्जी करते. तिच्याकडे पांडव नसतात, पण डाळी-पालेभाज्या एकत्र शिजवून केलेली भज्जी तीच. तिचा डबा आमच्याकडे येतो आणि बाजरीच्या उंड्यांनी भरून परत जातो. रिकामा डबा द्यायचा नाही, हा रिवाज आई होती तेव्हापासूनचा.

यंदा धाकटा भाऊ शहरातून गाडी घेऊन आला. मोठा साहेब झालाय. चाचीनं बांधावरून दिलेला डबा त्यानं कोपीमागं नेला आणि कुत्र्यापुढं ओतला. मी बघतोय हे कळल्यावरही लाजला नाही.

"आता पहिल्यासारखं न्हाई ऱ्हायलं, अण्णा. त्यांच्या हातचं कामून खायचं?"

लहानपणी तापातून उठल्यावर यानं पहिला घास चाचीच्याच हातचा खाल्ला होता. मला शिसारी आली. वर हा गडी डबा धुऊन त्यात उंडे भरत बसला, रिवाज मोडायला नको म्हणून! आणि मी काय केलं? सणासुदीला वाद नको, असं स्वतःला सांगत मूग गिळून बसलो. भ्याडाला कारणं बरी सुचतात.

आमची जेवणं उरकली तशी चाची बांधावर आली. भज्जी कशी झाली, म्हणून तिनं विचारलं. भावानं मान वळवली. मग मीच पुढं झालो.

"झकास, चाची. बोटं चाटून खाल्ली सगळ्यांनी."

मग तिनं मूठ उघडली. कागदाच्या पुडीत मीठ होतं.

"आमी आत्ता जेवायला बसलाव, तवा कळलं. मीठच घालायचं इसरले होते, बेटा. तेच द्यायला आले."

भावाला काय बोलू? खोटं माझ्या तोंडून गेलं होतं, तेही इतकं रंगवून. माझीच मला घाण वाटली. भरलेला डबा मी तिच्यापुढं धरला.

"तुमच्याकडंच ऱ्हाऊ दे," ती म्हणाली आणि बांध उतरून गेली.