आईने न पाहिलेला धबधबा

तुम्ही सहकुटुंब चार दिवस हवापालटाला जाता, तेव्हा हवा नेमकी कोणाची पालटते?

आमच्या घरी ती बाबांची पालटायची, काकांची पालटायची, माझीही पालटायची. आईची मात्र फक्त चूल पालटायची. आदिलाबादची चूल सुटली की डाकबंगल्याची चूल.

बाबा तहसील कचेरीत कारकून होते. त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत बाजारहत्नूरच्या बाजूचा सरकारी डाकबंगला आम्हाला मिळायचा. साग आणि बांबूच्या रानात दोन खोल्या, पुढे ओटा आणि मागे धुराने काळी पडलेली स्वयंपाकाची पडवी. बंगल्यात जेवणाची सोय नसे. पीठ, तेल, मीठ, तवा, परात, सगळं बैलांच्या दमणीत घालून न्यायचं आणि हाताने रांधून खायचं. हाताने म्हणजे कोणाच्या, हे कोणी विचारत नसे. जवळच एक धबधबा होता. दोनदा आम्ही तिथे गेलो होतो आणि दोन्ही वेळा आई पडवीत होती. परत आल्यावर शेजारणींनी विचारलं, "कसा हाय वं धबधबा?" आई म्हणाली, "आवाज मोठा आहे."

हे उत्तर मी ओसरीतून ऐकलं आणि माझं डोकं पेटलं. मी तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची होते. पेनगंगेपलीकडून भीमपूरच्या वाटेने कापसाच्या गाड्यांत लपून चळवळीची जी पत्रकं यायची, ती वाचून वाढलेली. निजामाच्या राज्यात ती जवळ सापडली तर तुरुंग, म्हणून मी ती पाठच करून टाकत असे. तिसऱ्या वर्षी दमणी मावला गावाच्या पुढे गेली तसं मी जाहीर केलं, "या वेळी आई चुलीपाशी जाणार नाही. पुरुष रांधतील. आणि गावाकडून वेठ घ्यायची नाही."

वेठ म्हणजे सरकारी माणूस गावात उतरला की त्याची सरबराई गावाने फुकट करायची. मोळी फुकट, दूध फुकट, राबणारं माणूसही फुकट. कोणाला धाडायचं ते गावचा पोलीस पटेल ठरवणार.

काका हसून म्हणाले, "वहिनी, तुमच्या पोटी मुलगी नाही, सभा जन्मली."

"सभा जन्मली तरी भूक लागते," आई म्हणाली. "तुम्हाला भाकर येते का, भावजी?"

"येते म्हणजे? चाळीस वर्षं खाऊन राह्यलो!"

बाबा कचेरीत बोलत नसत, तसे दमणीतही बोलले नाहीत.

पोचलो त्या संध्याकाळी घरून आणलेल्या दशम्यांवर निभावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आई न्हाऊन, चांगलं लुगडं नेसून, वहाणा घालून ओट्यावर येऊन उभी राहिली. या खेपेला बंगला एकाच रात्रीपुरता मिळाला होता आणि दुपारी परत निघायचं होतं, म्हणजे जे पाहायचं ते सकाळीच. तिला इतकी तयार मी फक्त लग्नाला निघताना पाहिली होती. पडवीत काकांनी भाकरी थापायला घेतल्या. पीठ त्यांनी गार पाण्यात भिजवलं होतं. भाकर तव्यापर्यंत पोचायच्या आतच तिचे तुकडे आपापली वाटणी मागू लागले.

तेवढ्यात फाटकातून एक बाई आत आली. डोक्यावर मोळी, हातात दुधाचा लोटा.

"पटलानं धाडलं जी," ती म्हणाली. "सायबाचा सैपाक करा लागते मले."

काका पिठाच्या हातांनी उठलेच. "आली लक्ष्मी! वहिनी, निघा आता!"

"काका, ही वेठ आहे," मी म्हणाले.

"अगं, एका सकाळचा तर प्रश्न आहे."

"मग तिच्या एका सकाळचा नाही का?"

"या सभेला कोणी दूध द्या रे, बोलून घसा सुकला असेल," काका म्हणाले. पण आईकडे पाहून ते थांबले. आईने वहाणा काढल्या होत्या. ओट्याच्या कडेला त्या नीट जोडीने ठेवून तिने पदर खोचला.

"बाईला फुकट राबवून मला पाणी पाहायचं नाही," ती शांतपणे म्हणाली आणि पडवीकडे वळली.

मला पाठ असलेल्या एकाही पत्रकात पुढचं वाक्य नव्हतं. वेठ नाकारा, इतकं होतं. नाकारल्यावर पिठलं कोण करील, ते नव्हतं. मी त्या बाईला म्हटलं, "तुम्ही घरी जा."

"काऊन वं बाई, मले मार खाऊ घालतं का?" ती कमरेवर हात ठेवून म्हणाली. "अशीच परत गेली तं पटील म्हनन, कामचोर. मंग दंडासाठी माह्याच दारात येऊन बसन तो."

आई पडवीच्या उंबऱ्यात पोचली होती. तेव्हा बाबा उठले. त्यांनी शेरवानीची बटणं सोडली, शेरवानी खुंटीला टांगली आणि आईच्या आधी जाऊन चुलीसमोर मांडी घातली.

"तू सरक," ते आईला म्हणाले. "पिठलं मी करतो."

"तुम्ही? आयुष्यात कधी..."

"बिघडलं तर बिघडलं. मला फुंकणी कुठे ते सांग आणि जा." मग त्या बाईकडे वळून म्हणाले, "हिला धबधबा दाखवून आण. त्याची मजुरी घेतल्याशिवाय जायचं नाही. पटेलाने विचारलं तर सांग, सायबाने सांगितलं ते काम केलं. खोटं नाही त्यात."

आईने पुन्हा वहाणा घातल्या. या वेळी घाईघाईने, कोणी मत बदलायच्या आत. आम्ही तिघी निघालो.

धबधबा काळ्या खडकांच्या पायऱ्यांवरून फेसाळत उतरत होता. आई खडकावर बसली आणि तिने पाय पाण्यात सोडले. ती बाई बाजूला उभीच होती.

"बस की," आई म्हणाली.

"रोज मोळी घेऊन जातो इकडून. बसली नाही कधी," म्हणत ती बसली. थोड्या वेळाने तिनेही पाय सोडले. एक मोठा तुषार आला आणि दोघींची लुगडी भिजली. आई इतक्या मोठ्याने हसली की मी दचकलेच.

ही संधी साधून मी स्त्रियांच्या गुलामीवर बोलू लागले. आई म्हणाली, "थोडी गप्प बस ना गं. पाहू दे."

उन्हं चढेपर्यंत ती पाहत होती.

परत आलो तर बाबांचे डोळे धुराने लाल झाले होते आणि पिठल्यात लिंबाएवढ्या गाठी. ती बाई फाटकापाशी थबकली. आईने तिला ओट्यावर आपल्या शेजारी बसवलं. आधी बायकांना वाढलं, हेही आमच्या घरात पहिल्यांदाच.

"सायेब, हे पिठलं हाय का गोटे?" बाईने विचारलं.

"खा खा," काका म्हणाले, "मोठे साहेब कचेरीतही असेच काम करतात."

बाबा हसले. आईने दुसऱ्यांदा पिठलं मागून घेतलं.

निजामाचं राज्य गेलं. डाकबंगले आहेत, पटेल आहेत, आणि साहेब उतरला की मोळी अजून आपोआप येते. म्हणून पुरुष वाचकहो, एक मागणं आहे. यंदा सुट्टीला निघण्याआधी घरात बसून ठरवा, कोणत्या दिवशी तुम्ही रांधणार. दमणी जोडण्याआधी ठरवा. चूल पेटल्यावर ठरवायला बसलात तर घरातली बाई पुन्हा वहाणा काढील. आणि गावाने फुकट माणूस धाडलं, तर त्याला त्याची मजुरी द्या, चुलीपाशी मात्र तुम्हीच बसा.