सलीमच्या पडद्यावरची इमारत

सलीम गेल्याचा फोन आला तेव्हा मी लिफ्टचे दोर पुरवणाऱ्या माणसाशी भावावरून भांडत होतो. त्याच्या बायकोचा, म्हणजे भाभींचा, फोन मी दोनदा कापला. तिसऱ्यांदा घेतला, ऐकला, आणि समोरच्याला म्हणालो, "तुम्ही म्हणाल तो भाव." असं मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो...

महिना होऊन गेला. लोक त्याच्याबद्दल चांगलंच बोलतात, मीही बोलेन. पण माझी एक तक्रार आहे आणि ती मी मागे घेणार नाही.

मी लोणी काळभोरचा. लिफ्टला ग्रीस लावण्यापासून सुरुवात करून नारायण पेठेत स्वतःचं ऑफिस थाटलं. सलीम अत्तार सॉफ्टवेअरची नोकरी सोडून माझा भागीदार झाला. त्यानं कॉम्प्युटरवर एक इमारत उभी केली. मजले, लिफ्ट, ये-जा करणारी माणसं, सगळं खोटं. लिफ्टनं कुणाची हाक आधी ऐकायची हे ठरवणारं डोकं मात्र खरं. लिफ्ट बसवण्याआधी ती पडद्यावर चालवून बघायची. वर त्यानं तिला वेब एपीआय जोडला. गिऱ्हाइकानं घरी बसून मोबाईलवर बटण दाबलं, की ते इंटरनेटवरून आमच्या प्रोग्रामला पोचायचं आणि पडद्यावरची लिफ्ट हलायची. विकायला झकास होतं.

कोथरूडच्या एका सोसायटीत दोन लिफ्ट होत्या आणि तरी रोज सकाळी गर्दीची बोंब. तिथं तिसरी विकायचं मी पक्कं केलं होतं. सलीमनं ती इमारत पडद्यावर चालवली, तर दोन आरामात पुरत होत्या. मी म्हणालो, तुझा प्रोग्राम चुकतोय. वाद न घालता तो तिथं जाऊन वॉचमनशेजारी खुर्ची टाकून बसला. परत आला तो हसतच.

"दत्ताशेठ, माझी माणसं फारच शहाणी निघाली. एकच बटण दाबतात. तिथं जो येतो तो दोन्ही लिफ्टची बटणं दाबतो. दोन्ही येतात, एक रिकामीच जाते. आणि नवरा दारात पाय अडकवून उभा, 'अगं, गॅस बंद केलास का?' की बायको परत घरात!"

पडद्यावरच्या माणसांना त्यानं तसंच वागायला शिकवलं. गर्दी हुबेहूब दिसली, उपायही दिसला. दोन्ही लिफ्ट एकाच बटणावर, एकाच डोक्याखाली. तिसरीची गरजच नाही.

"दाखवताना थोडी माणसं वाढव," मी म्हणालो.

"खोटी माणसं मी चढवणार नाही."

"अरे, सगळीच खोटी आहेत!"

"खोटी आहेत, शेठ. खोटारडी नाहीत."

मीटिंगमध्ये त्यानं सगळ्या सभासदांच्या मोबाईलला वाट मोकळी करून दिली. आजोबा-आजींपर्यंत सगळ्यांनी बटणं दाबून पाहिली. पडद्यावर दोन लिफ्ट धावत होत्या, मी विकायला मांडलेली तिसरी जागची हलेना. चेअरमन म्हणाले, "अहो, ही तिसरी बहुधा शोभेला असावी." सगळे हसले. खाली रस्त्यावर येऊन मी सलीमला तोंडाला येईल ते बोललो. तो शांतपणे म्हणाला, "झालं? चहा घेऊ या."

माझी तक्रार हीच. धंदा दोघांचा होता. असलं काही चारचौघांत करण्याआधी मला विचारायला नको? हे मी त्याला कितीदा ऐकवलं, आणि दर वेळी उत्तर एकच, "सांगितलं होतं, शेठ. तुम्ही ऐकलं नाही." एकदा बसून याचा निकाल लावायचा होता. त्याआधीच त्याच्या छातीत कळ आली... भांडण अर्धवट टाकून जाणं हा कुठला न्याय?

त्याची इमारत आमच्या मागच्या खोलीत चालूच आहे. परवा हडपसरच्या एका बिल्डरला मी तीन लिफ्ट विकायला निघालो होतो. पडद्यावर दोनच पुरत होत्या. माणसं वाढवायची कशी, ते आता मला येतं. अडवणारंही कुणी नाही. हात माऊसवर ठेवून मी भांडायला लागलो, चांगला आवाज चढवून. कोटेशन टाईप करणाऱ्या मनीषाताई दारात येऊन उभ्या राहिल्या. "कोणाशी बोलताय, शेठ?"

मी हात काढला. म्हणालो, "दोन लिफ्टचं कोटेशन करा. आणि त्या बिल्डरला सांगा, यातला एक पैसा कमी होणार नाही."