खारट पोह्यांचं घर

आमच्या शेजारच्या सुभद्राअक्का जाग्या असल्या की फुशारक्या मारत. मला फुशारकीची भारी चीड, पण भिंत एकच, त्यामुळे ऐकून घ्यावं लागे. त्यांचे यजमान कृष्णराव देवास संस्थानच्या धाकट्या पातीच्या बँडमध्ये बिगूल वाजवायचे. ते गेले तेव्हा म्हणे सबंध दरबार रडला. दरबार तेव्हा उन्हाळ्यासाठी डोंगरावर गेलेला होता, पण जाऊ दे.

कृष्णरावांमागे उरलं शिवणाचं मशीन, परत करायचा राहून गेलेला बिगूल, प्रमोदिनी नावाची मुलगी आणि तिच्या नावाची बालपरवेशी. चाकरीतला माणूस गेला की त्याच्या पोरांच्या पोटासाठी दरबार दरमहा काही रुपये देई, ती ही बालपरवेशी. संस्थान विलीन झालं तरी अक्कांची चालू राहिली. मुलीचं लग्न झालं की मात्र बंद.

बावन्न साली घरमालकानं घर विकायला काढलं. टेकडीच्या पायथ्याशी दोन खोल्या, वर कवेलूंचं छप्पर. दिवाळीपर्यंत पैसे उभे राहिले नाहीत तर अक्कांना मशीन डोक्यावर घेऊन बाहेर पडावं लागणार होतं. त्या सहकारी पेढीत गेल्या. घर तारण ठेवून कर्ज मिळत होतं, पण नुसत्या शिवणाच्या मिळकतीत हप्ता बसेना. बालपरवेशी धरली तरच बसत होता.

"धरू की," पेढीचे अध्यक्ष मोरोपंत म्हणाले, "पण हे पैसे आणखी पाच वर्षं येतील अशी खात्री पाहिजे. मुलगी पंधराची. आणि तुम्हीच देवळात सांगत होतात ना, धारहून मागणी आली, हाटपिपल्याहून आली, वैशाखात बार उडवणार म्हणून?"

अक्कांनी सांगितलं होतं खरं. ग्वाल्हेरचा एक डॉक्टरही त्यात घातला होता. प्रत्यक्षात आजवर एकही स्थळ आलेलं नव्हतं.

"खोटं बोलले होते मी," अक्का पडेल आवाजात म्हणाल्या.

"मग आत्ताचं खरं कशावरून? रविवारी घर बघायला येतो, तेव्हा मुलगीही बघू."

घरी येऊन अक्का रडायला लागल्या. प्रमू म्हणाली, "आई, फिकर नको करू. ऐसी बनूँगी ना, कोई पूछेगा नहीं."

रविवारी मोरोपंत आणि पेढीचे दुसरे पंच गणपतराव आले. मी मदतीच्या नावाखाली आत जाऊन बसलेच होते. दोघं आले होते भिंती आणि कवेलू बघायला. पण आपल्या माणसांना सतरंजीवर बसवलं आणि मुलीनं पोह्यांची बशी पुढे केली, की ती बाकी सगळं विसरतात. गणपतरावांनी लगेच विचारलं, "नाव काय बाळ तुझं? स्वयंपाक येतो का?"

प्रमूनं कपाळावर ओघळेल इतकं तेल थापलं होतं. "पोहे मीच केलेत," ती म्हणाली. गणपतरावांनी एक घास घेतला आणि वर बघितलं. कवेलू तपासताहेत असं अक्कांना वाटलं. पोह्यांत मूठभर मीठ होतं.

"शिवण?"

"आई करते."

"गाणं?"

प्रमूनं खुंटीवरचा बिगूल काढला आणि असा फुंकला की गल्लीतल्या कोंबड्या माझ्या घरात शिरल्या.

"बरं, सासूशी कशी वागशील?" मोरोपंतांनी जीव मुठीत धरून विचारलं.

"ती जशी वागेल तशी." हे मात्र ती मनापासून बोलली.

मोरोपंत दोन तांबे पाणी प्याले. "सुभद्राबाई, पाच काय, दहा वर्षं काळजी नको. हिला कोणी करून घेत नाही. कर्ज मंजूर."

घर मिळालं होतं. आता फक्त तोंड मिटून बसायचं होतं. अक्का बसल्याही. तो त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा पराक्रम, आणि तो पाहुण्यांनी जोडे घालेपर्यंतच टिकला.

"का नाही करून घेणार?" त्या दारात जाऊन कडाडल्या. "काय कमी आहे माझ्या पोरीत? उद्या म्हणाल तर उद्या उजवून—"

पुढचं बिगुलात बुडालं. प्रमू आईच्या मागे उभी राहून गाल फुटेस्तोवर फुंकत होती.

"काय म्हणाल्या?" मोरोपंतांनी कानावर हात ठेवून विचारलं.

"उपकार झाले म्हणाली!" प्रमू ओरडली.

ते गेल्यावर अक्का तिथेच उंबऱ्यावर बसल्या. "घर घेतलं गं मी, पण तुला नावं ठेवू दिली," म्हणाल्या आणि हमसाहमशी रडल्या. मला त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्याविषयी माया वाटली. प्रमू शेजारी बसून तेच पोहे खात होती. तिला भूक लागली होती.

पुढे प्रमू मुलींच्या शाळेत मास्तरीण झाली, तिच्या पगारातून उरलेले हप्ते गेले. कर्ज फिटलं त्या वर्षी खातेगावहून मागणी आली. अक्कांनी या वेळी कुणालाच सांगितलं नाही, त्यावरूनच मी ओळखलं की ही खरी आहे.

पाहुणे यायच्या दिवशी सकाळीच अक्का माझ्या दारात उभ्या. हातात बिगूल आणि मिठाची बरणी.

"एवढं संध्याकाळपर्यंत तुझ्याकडे ठेव," त्या म्हणाल्या.