अर्जावरचा माझा शेरा

मनोहर गेल्याचं त्याच्या मुलानं, निलेशनं, फोनवर कळवलं. सकाळचे साडेसात वाजले होते आणि मी दुधाची पिशवी कापत होतो. "काका, बाबा गेले. झोपेतच. अकरा वाजता नेऊ," एवढंच तो बोलला. पिशवी तशीच ओट्यावर ठेवून मी सक्करदऱ्याला त्याच्या घरी निघालो. घाटावर चार-पाच जण बोलले, मीही बोललो. मनोहर किती शांत, किती सज्जन, एवढा शिकलेला माणूस असून कारखान्याच्या स्टोअरमध्ये आयुष्य काढलं, पण कधी तक्रार केली नाही... लोकांनी माना हलवल्या. खाली बसल्यावर माझ्या लक्षात आलं, की हे शेवटचं वाक्य तिथे जमलेल्या कोणीही बोलायला हरकत नव्हती, मी सोडून. त्याला आता दीड महिना झाला. मला अठ्ठ्याहत्तरावं चालू आहे. हे लिहायला आणखी उशीर करणं बरं नाही.

आम्ही दोघं उमरेडचे. त्याचे वडील हातमागावर बसायचे, माझे शाळेत लिपिक होते. नागपूरला कॉलेजसाठी आम्ही एकाच एसटीनं यायचो-जायचो. मी इंजिनिअरिंगला होतो, तो बी.एस्सी.ला आणि पुढे बॉटनीत एम.एस्सी.ला. इंजिनिअरिंग मिळालं नाही म्हणून तो तिकडे गेला, असं नंतर लोक म्हणायचे. ते खोटं आहे. त्याचे गुण माझ्यापेक्षा जास्त होते. त्याला झाडं आवडायची, एवढंच कारण. बसमध्ये मी त्याला छेडायचो, "मन्या, झाडाले पाणी घालाले डिग्री काहून लागते गा?" तो खिडकीबाहेर बघत म्हणायचा, "अन् बोल्ट कसाले कोणती लागते?"

प्राध्यापकाची जागा काही निघाली नाही. मी तोपर्यंत नागपूरजवळ हिंगण्याच्या एका कारखान्यात लागलो होतो. तिथे पंप तयार व्हायचे. स्टोअरमध्ये माणूस हवा होता, मी त्याचं नाव सुचवलं. "जागा निघेपर्यंत कर, निघाली की जा," असं मीच म्हणालो होतो. ती नोकरी एकतीस वर्षं चालली. स्टोअर माझ्याच विभागाखाली यायचं, म्हणून कारखान्यात तो मला साहेब म्हणायचा आणि जेवणाच्या सुट्टीत दिगंबर. त्याच्या स्टोअरमधल्या निम्म्या वस्तू त्याच्या लेखी झाडंच होत्या. सुतळी, पोती, राळ, कापसाचा बोळा... एकदा नव्या हेल्परला पंपाच्या सांध्यात बसवायचं कॉर्कचं गॅस्केट दाखवून म्हणाला, "ही झाडाची साल आहे, साल. सोलली तरी झाड अजून जिवंत असन तिकडं." तो हेल्पर माझ्याकडे येऊन हळूच म्हणाला, "साहेब, स्टोअरवाले बराबर आहेत ना?"

मग पेट्यांचं प्रकरण आलं. पंप बाहेरगावी पाठवायचे ते लाकडी पेट्यांतून, आणि त्या पेट्या आम्ही आवारातच बनवायचो. एका वर्षी गिऱ्हाइकांची पत्रांवर पत्रं येऊ लागली. पेट्या वाटेतच फुटत होत्या. लाकडाला टाचणीएवढी भोकं पडलेली आणि आतून पिठासारखा भुगा गळणारा. मी मेकॅनिकलचा माणूस. खिळ्यांची जाडी बदलली, कोपऱ्यांना पट्ट्या मारल्या, कीडनाशक फवारून घेतलं. तीन महिने गेले, काही फरक पडला नाही. एके दिवशी मनोहर फळीचा एक तुकडा घेऊन माझ्या टेबलापाशी आला. दुसऱ्या हातात प्रथमोपचाराच्या पेटीतली आयोडीनची बाटली होती. फळीच्या कडेला सालीलगतचं पांढरं लाकूड होतं आणि मध्ये गाभ्याचं गडद. त्यानं दोन्हीकडे एकेक थेंब टाकला. गाभ्यावर डाग तपकिरीच राहिला. पांढरा भाग निळा-काळा झाला.

"आयोडीननं स्टार्च काळं पडते, हे तं शाळेतच शिकलो गा आपण," तो म्हणाला. "किडा स्टार्च खाऊन राहिला, लाकूड नाही. ठेकेदार आजकाल कोवळ्या झाडाच्या फळ्या देऊन राहिला, सारा पांढरा भाग. गाभ्याची फळी घे, किडा उपाशी मरते."

आम्ही गाभ्याच्या फळ्या मागवायला लागलो. तक्रारी थांबल्या. मुख्य कचेरीनं अहवाल मागितला. तो मनोहरनं रात्री बसून लिहिला आणि माझ्या सहीनं गेला. "तूच पाठव, स्टोअरवाल्याचं नाव पाहून हसतील," असं तो म्हणाला होता, त्यामुळे त्या अहवालाबद्दल मी स्वतःला एक वेळ माफ केलं असतं. त्याच अहवालावर मला बढती मिळाली. समारंभात मी त्याचे आभारही मानले, "स्टोअर विभागाचे सहकार्य" अशा शब्दांत.

त्यानंतर दोन वर्षांनी गुणवत्ता तपासणी विभागाच्या प्रमुखाची जागा निघाली. कोणत्याही विषयाचा विज्ञान पदवीधर आणि दहा वर्षांचा अनुभव, एवढीच अट होती. मनोहरनं अर्ज केला. अर्ज विभागप्रमुखामार्फत जायचा, म्हणजे माझ्यामार्फत. तळाशी माझ्या मतासाठी चार ओळींची जागा होती. मी तिथे लिहिलं : "अर्जदाराचा पदवीचा विषय या पदाशी संबंधित नाही. शिफारस नाही."

का लिहिलं, तेही सांगतो. तो त्या खुर्चीत आला असता तर दर आठवड्याच्या बैठकीत माझ्या शेजारी बसला असता. पेट्यांचा विषय कधीतरी निघाला असता, कोणी दोन प्रश्न विचारले असते, आणि उत्तरं त्यानं दिली असती, मी नाही. एवढ्याचीच मला भीती वाटली. विषय संबंधित नव्हता म्हणायचं तर माझाच नव्हता. तीस वर्षांत मी रजा मंजूर केल्या, पाळ्या लावल्या, भांडणं मिटवली. माझ्या पदवीतलं मी काय वापरलं, ते आजही आठवून सांगता येत नाही. तो मात्र नट-बोल्टच्या खोलीत बसून आपली पदवी रोज वापरत होता.

पंधरा दिवसांनी कॅन्टीनमध्ये डबा उघडता उघडता तो म्हणाला, "दिगंबर, विषय संबंधित नाही म्हणतात."

"मुख्य कचेरीतले लोक आहेत गा ते," मी म्हणालो. "त्यांले काय समजते?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग "बरं" म्हणाला आणि जवसाची चटणी माझ्या डब्यात वाढली. पुन्हा त्यानं कुठल्याही जागेसाठी अर्ज केला नाही.

तो गेल्यावर चौथ्या आठवड्यात मी त्याच्या घरी गेलो. त्याची नात मधुरा यंदा बारावी झाली. ती लॅपटॉपवर प्रवेशाचा फॉर्म उघडून बसली होती, दुसऱ्या दिवशी शेवटची तारीख होती. तिला बॉटनीला जायचं होतं आणि निलेश पुढ्यात उभा होता. "आबांचं पाहिलं नाही का तू?" तो म्हणत होता. "एम.एस्सी., फर्स्ट क्लास. अन् काय केलं? एकतीस वर्षं नट-बोल्ट मोजले. त्यांनीच मले अकरावीत सांगितलं होतं, माझा विषय चुकला, तू झाडाझुडपाच्या भानगडीत पडू नको. मले काय आवडत नव्हतं का? तरी कॉम्प्युटर घेतलं. विश्वास नसन तं काकांले विचार. ते होते तिथं."

दोघंही माझ्याकडे बघू लागले. मला नुसती मान हलवायची होती. पोरीनं दुसऱ्या विषयाचं बटण दाबलं असतं आणि विषय मिटला असता.

मी सांगितलं. पेट्या, आयोडीन, अहवाल, तो शेरा, कॅन्टीन, सगळं. निलेश आधी उभा होता, मग खुर्चीवर बसला. सून चहाचा ट्रे घेऊन आली होती, ती दारातच थांबली.

"म्हणजे विषय चुकला नव्हता," तो म्हणाला.

"नाही."

"बाबांले माहीत होतं, की शेरा तुमचा आहे?"

"नसावं. मी त्याला कधी सांगितलं नाही."

मधुरानं मला विचारलं, "आजोबा, नामंजूर झालेला अर्ज परत मिळायचा का?"

"मिळायचा. शेऱ्यासकट."

"तुम्ही हातानं लिहिला होता का टाईप केला होता?"

"हातानं."

"मग आबांना माहीत होतं," ती म्हणाली. "तुमच्या हातच्या चिठ्ठ्या रोज स्टोअरमध्ये जात असतील ना."

रोज जायच्या. दिवसाला दहा-पंधरा. माझं अक्षर कारखान्यात सगळ्यात जास्त त्यानंच वाचलेलं होतं, आणि अर्ज परत देण्याचा नियमही मला पाठ होता. या दोन गोष्टी मी इतकी वर्षं एकमेकींजवळ येऊ दिल्या नव्हत्या. कॅन्टीनमध्ये त्यानं मला खरं बोलायची एक संधी दिली होती. मी ती घेतली नाही, तर माझं खोटं त्यानं स्वतःकडे घेतलं. घरी जाऊन बायकोला, मुलाला सांगितलं की विषय चुकला. आणि निवृत्त होईपर्यंत माझ्यासोबत डबा खाल्ला.

निलेश खुर्चीतून उठला. मग मुलीला म्हणाला, "भर तुले जे भरायचं ते." आणि माझ्याकडे न बघता, "काका, घाटावर तुम्ही बोललात ते साठ-सत्तर लोकांनी ऐकलं. हे लिहून काढा. नावानिशी."

म्हणून हे लिहिलं. मनोहरचा विषय चुकला नव्हता. पेट्यांचा अहवाल त्याचा होता. अर्जावरच्या दोन ओळी माझ्या होत्या आणि त्या खोट्या होत्या. ज्यांनी मला घाटावर ऐकलं, त्यांनी ते बोलणं रद्द समजावं.

त्या दिवशी चहा न घेताच मी उठलो. मनोहरची एक सवय होती. पाहुणा निघाला की तो गेटपर्यंत यायचा, आणि पाहुणा तलावाकडच्या वळणावर दिसेनासा होईपर्यंत तिथेच उभा राहायचा. गुडघे धरले तेव्हा गेटला टेकून उभा राहायचा, पण राहायचा. वळणावर आपण मागे पाहायचं, हात वर करायचा, तोही करायचा. चाळीस वर्षं मी त्या घरातून असाच निघालो आहे. त्या दिवशी मधुरा मला गेटपर्यंत सोडायला आली, "या, आजोबा" म्हणाली, आणि मागे कडी लावल्याचा आवाज आला. मी चालत राहिलो. वळणावर पाय आपोआप थांबले, मी मागे पाहिलं. गेट बंद होतं. माझा हात अर्धा वर गेला होता; तो खाली घेतला आणि रिक्षा बघायला पुढे निघालो.