खिळ्यावरची चिठ्ठी

लोकांनी नगरसेवक म्हणून निवडून दिलं दिराला, पण कामाला जुंपली गेली वहिनी. पुढच्या खोलीत टेबल, टेबलावर लाकडी ठोकळ्यात उभा ठोकलेला खिळा. येईल त्याची तक्रार वहिनीने चिठ्ठीवर लिहायची, खाली सही घ्यायची आणि खिळ्यात खोचायची. काम झालं की चिठ्ठी फाडायची. खोटं कशाला बोला, दीर तेव्हा खिळा बघितल्याशिवाय जेवायला बसत नसे.

एका सोमवारी शिंप्याची बायको आली. "वहिनी, कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबाला हात लावला की झिणझिण्या येतात. भाऊंना तेवढं सांगा."

वहिनीने लिहून घेतलं, सही घेतली. तेवढ्यात निरोप आला, पक्षाचे बडे लोक दिराला भेटायला येताहेत, मोठ्या तिकिटाचं बोलायला. मग काय, नुसती धांदल. वहिनीने टेबल आवरलं, ती चिठ्ठी खणात सारली आणि चहा टाकायला गेली. चिठ्ठी तिच्या डोक्यातून साफ गेली. पाचव्या दिवशी शिंपी खांबाला सायकल टेकवायला गेला आणि तिथेच संपला.

वहिनीने रडत चिठ्ठी दिरापुढे ठेवली. त्याने वाचली आणि पालथी घातली. "वहिनी, झाकली मूठ सव्वा लाखाची," म्हणाला, आणि वीज खात्यावर मोर्चा घेऊन गेला. त्या मोर्च्याने त्याचं नाव झालं. आधी आमदार, मग खासदार. भाषणात एक वाक्य ठरलेलं, "माझ्याकडे नुसती एक चिठ्ठी आली असती, तर तो खांब मी या हातांनी उपटला असता." त्यावर टाळ्या पडायच्या.

वहिनी वीस वर्षं दाराच्या कडीलासुद्धा आधी उलटा हात लावून बघते. खिळा माळ्यावर टाकला, तरी घास घेताना नजर टेबलाकडे जाते. चिठ्ठी जाळायला तिने दोनदा काडी ओढली. दोन्हीदा काडी बोटापर्यंत जळत आली, पण चिठ्ठीला लावायचा धीर झाला नाही.

दीर केंद्रात मंत्री झाला त्याच आठवड्यात, भर दुपारी, शिंप्याची बायको दारात उभी. आली एकदाची शिव्याशाप द्यायला, असं वहिनीला वाटलं. ती मात्र त्याच जुन्या खुर्चीत अवघडून बसली.

"एक विचारू? हसू नका. मी तेव्हा इथे सांगायला आले होते, असं मला सारखं वाटतं. पण भाऊ म्हणतात चिठ्ठीच आली नाही. लेक म्हणते, आई, तू मनाचं काहीतरी धरून बसलीस. मी आलेच नव्हते का हो? माझ्या आळसाने गेले का ते?"

दिराची खुर्ची, घराची अब्रू, सगळं तिच्या डोळ्यांपुढून सरकलं. मग ती उठली आणि तिने खण उघडला.

शिंप्याच्या बायकोने तारीख वाचली. मग आपल्या वाकड्या सहीवरून बोट फिरवलं, एकदा, पुन्हा एकदा. वहिनी समोर हात जोडून उभी होती, पण शिंप्याची बायको तिच्याकडे बघतच नव्हती. तिने रिकाम्या दाराकडे तोंड वळवलं.

"अहो," ती हळूच म्हणाली, "मी आले होते."