नावाचा रकाना

लोकांना झापायची सवय मला नोकरीनं लावली. एका लहान गावच्या नगरपालिकेत अकरा वर्षं मी जन्म-मृत्यूच्या टेबलावर होते. पोराला शाळेत घालायची वेळ आली की लोक धावत यायचे, आणि रजिस्टर उघडून बघावं तर नावाचा रकाना कोरा. जन्माची नोंद दवाखान्याकडून व्हायची, पण नाव आईबापांनी येऊन घालायचं असतं. ते बरेच जण घालायचे नाहीत. मग माझा तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. बारशाला गल्ली जेवायला घातलीत, घुगऱ्या वाटल्या, आणि इथं दोन मिनिटं येऊन नाव सांगायला सवड झाली न्हाय व्हय? माणसं ओशाळून हसायची आणि मला फार मोठं काम केल्यासारखं वाटायचं.

माझ्या स्वतःच्या लेकीच्या नोंदीत नावाचा रकाना एकोणतीस वर्षं कोरा होता. हे मला माहीत होतं, आणि फक्त मलाच माहीत होतं.

लेक आमची डाऊन सिंड्रोमची. निवृत्त झाल्यावर आम्ही कोल्हापूरला घर केलं ते तिच्याचसाठी, कारण इथं तिच्यासारख्या मोठ्या मुलांची कार्यशाळा आहे. तिथं ती कागदी पिशव्या करते, आणि चांगल्या करते. बोलणं थोडं जड आहे, पण अस्सल कोल्हापूरचं. इथल्या बायका 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात. मी ऑफिसात बसून 'येते-जाते' करायला लागले, ती कशाला करते? तिची एक खोड म्हणजे विसरणं. डबा विसरते, छत्री विसरते, नळ चालू ठेवून निघून जाते आणि गच्चीवरची टाकी रिकामी होते. मग मी ओरडते. "विसरलीस? डोकं काय गहाण टाकलंयस?" ती खाली मान घालून उभी राहते. हे आमच्या घरात आठवड्यातून दोनदा तरी होतं.

थोरला मुलगा जर्मनीत आहे. तो गेला तेव्हा आम्ही दोघांनी पासपोर्ट काढले. लेकीचा काढावा हे कुणाच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. पहिल्यांदा गेलो तेव्हा तिला कोडोलीला माझ्या बहिणीकडं ठेवलं. तिला वाटलं आपणही निघालोय. स्वतःची पिशवी भरून ती गाडीत बसली आणि बहिणीच्या दारात उतरवली तेव्हा उतरेना. तीन आठवड्यांनी परत आलो, तर आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. मी तिच्यासाठी चॉकलेटं आणली होती, ती तिनं बहिणीच्या नातवंडांना वाटून टाकली.

या वर्षी मुलाला मुलगी झाली. फोनवर त्यानं स्पष्टच सांगितलं, बहिणीला आणणार नसाल तर तुम्हीही येऊ नका. लेकीनं तर कार्यशाळेत, दूधवाल्याला, कोपऱ्यावरच्या गिरणीत, सगळीकडं सांगून ठेवलं होतं, "मी आत्या झालो. मी इमानानं जानार." तेव्हा काहीही करून तिचा पासपोर्ट काढणं भाग होतं.

कलेक्टर कचेरीतून पालकत्वाचा दाखला आणला, अपंगत्वाचा दाखला होताच. पासपोर्टच्या ऑफिसात फोटोला ती निळा ड्रेस घालून, टिकली लावून अशी बसली, की तिथला माणूस म्हणाला, ताई, हसायचं नाही. ती म्हणाली, हसतो की. सगळं मजेत चाललं होतं. मग पुढच्या खिडकीवरच्या अधिकाऱ्यांनी कागद शेजारी शेजारी ठेवले आणि विचारलं की आधारवर एक जानेवारी आणि अपंगत्वाच्या दाखल्यावर वेगळीच तारीख, असं कसं? आधार काढताना मी सोबत नव्हते. जन्माचा दाखला नव्हता म्हणून आमच्या ह्यांनी नुसतं साल सांगितलं होतं, तेव्हा तारीख आपोआप एक जानेवारी पडली. अधिकारी भले होते. जन्मदाखला घेऊन या, काम झालंच म्हणून समजा, असं म्हणाले.

आमचे हे मोकळेपणानं हसले. "हात्तिच्या! अहो, ही त्याच खात्यात होती." मी पर्समध्ये काहीतरी शोधत राहिले.

उद्या जाऊन आणते असं मी म्हणाले आणि दहा दिवस गेलेच नाही. एकदा गुडघा दुखतोय, एकदा गॅसवाला यायचाय, एकदा रजिस्टरं बहुतेक पुरात गेली असतील. हे शेवटचं नुसतं निमित्त नव्हतं. आमच्या त्या नगरपालिकेत पुराचं पाणी शिरलं होतं आणि दप्तर भिजलं होतं हे खरंच. खोटं कशाला बोलू, ते एक पान वाहून गेलं असेल तर बरं, असं मला वाटत होतं. पान नसतं तर सगळ्यांच्या नोंदीबरोबर हिचीही गेली असं म्हणता आलं असतं.

अकराव्या दिवशी ह्यांनी चहा घेता घेता विचारलं, तेव्हा सांगून टाकलं. नोंद आहे, पण नाव घातलेलं नाही. ह्यांना आधी समजलंच नाही. मग कप खाली ठेवला.

"अकरा वर्षं रजिस्टर तुझ्या टेबलावर होतं."

मी होय म्हटलं.

"मिरजेचे डॉक्टर बोलले होते, म्हणून?"

त्यालाही मी होय म्हटलं. ते उठले आणि बाहेर जाऊन स्कूटर पुसत बसले. ती सकाळीच पुसलेली होती.

लेक गावच्याच दवाखान्यात जन्मली, तेव्हा मिरजेच्या डॉक्टरांनी तपासून हृदयाला छिद्र आहे, वर्ष काढणं कठीण, असं सांगितलं होतं. सासूबाई म्हणाल्या, बारसं पुढं बघू. ते पुढं कधी आलंच नाही, नाव आपलं घरात हाका मारता मारता पडलं. तीन महिन्यांनी मी कामावर हजर झाले. रजिस्टर माझ्यासमोर, पेन माझ्या हातात. पण माझ्याच कपाटात दुसरंही रजिस्टर होतं, मृत्यूचं. नाव न घातलेलं मूल गेलं की त्यात नुसतं 'मुलगी' लिहून भागतं. नाव घातलं की तेच नाव तिकडंही लिहावं लागतं. मी दुसऱ्यांच्या बाळांची तशी नावं लिहिली होती. आपल्या लेकीचं मला लिहायचं नव्हतं, म्हणून मी इकडंही लिहिलं नाही. लोक म्हणतील आईची माया. कसली माया? मी तिच्या जाण्याची तयारी करून ठेवली होती. ती अंगावर पीत होती आणि मी कागदोपत्री मोकळी राहिले होते.

ती गेली नाही. तिसऱ्या वर्षी डॉक्टर म्हणाले, छिद्र आपोआप भरलंय. त्या दिवशी तरी ऑफिसात जाऊन लिहायचं! पण अर्जावर साहेबांची सही लागणार, ते विचारणार, बाई, तुमच्याच मुलीचं राहिलं कसं? मी, जी अख्ख्या गावाला झापते, तिनं काय सांगायचं? मग वर्षं गेली. तिला साध्या शाळेत घेतलं नाही, लग्न करायचं नव्हतं, नोकरी लागायची नव्हती. हिला कशाला लागतोय दाखला, हे मी स्वतःला इतक्यांदा सांगितलं, की तेच खरं होऊन बसलं. तिच्याच दिवशी जन्मलेल्या एका मुलीची नोंद तिच्या लगेच खालच्या ओळीत होती. तिचा बाप नाव घालायला आला, तेव्हा मी वरच्या ओळीवर पट्टी ठेवली आणि खालच्या ओळीत नाव लिहिलं. माझ्या हातानं, चांगल्या अक्षरात.

ह्यांनी दुसऱ्या दिवशी एवढंच सांगितलं, जाताना तिला घेऊन जा. जयसिंगपूरपर्यंत ती खिडकीशी बसून माणसं कोंबून धावणाऱ्या वडापच्या जीपा मोजत होती. नाव घालायची मुदत सरकारनं पुन्हा वाढवून दिली होती, नशीब माझं. नगरपालिकेबाहेर प्रतिज्ञापत्रं टाइप करणारा बसतो. त्यानं तारीख, आईबापांची नावं विचारली आणि विलंबाचं कारण न विचारताच टाइप केलं, 'अज्ञानामुळे नाव नोंदवावयाचे राहून गेले.' ते वाक्य माझंच. आलेल्या प्रत्येकाला मीच ते सांगायचे, म्हणजे साहेब अडवत नसत. अडाणी बायांनी त्याखाली अंगठे उठवले होते, आणि त्यांचं खरं होतं. मी सही केली.

माझ्या जागेवर आता जी बाई आहे, तिला काम मीच शिकवलेलं. मॅडम, मॅडम करत तिनं खुर्ची दिली, लेकीला बिस्किटं दिली. रजिस्टर वाहून गेलेलं नव्हतं. कडा गाळानं तांबूस झाल्या होत्या, आतलं सगळं स्वच्छ वाचता येत होतं. तिनं पान काढलं, बोट वरून खाली आणलं, आईच्या नावाशी थांबलं. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि लगेच खाली बघून पेनचं टोपण काढायला लागली. तिनं मला झापलं असतं तर बरं झालं असतं. मी तिच्या जागी असते तर सोडलं नसतं.

मी लिहू का, असं मी विचारलं. आता तुम्हाला नाही लिहिता येणार मॅडम, असं ती हळू आवाजात म्हणाली. बरोबरच होतं, नियम मीच शिकवलेला. तिनं लेकीला नाव विचारलं. लेकीनं उभं राहून स्वतःचं, बापाचं, आडनाव, सगळं ठणठणीत सांगितलं. शेजारच्या टेबलावरचे दोघं वळून बघायला लागले. बाईनं लिहिलं, खाली सही केली आणि रजिस्टर फिरवून लेकीपुढं धरलं.

लेकीला वाचता येत नाही, पण स्वतःचं नाव दिसलं की ओळखते. तिनं त्यावर बोट ठेवलं, खूश झाली. मग बोट खालच्या ओळीवर गेलं आणि तिथं थांबलं. तिच्या पिशवीवर, डब्यावर, पाण्याच्या बाटलीवर, हरवू नये म्हणून मी मार्करनं तिचं नाव घालते. माझी शिरोरेघ शेवटी खाली वळते, शाळेपासूनची सवय. ते वळण ती रोज बघते.

"हे तू ल्हिलंस," ती म्हणाली.

"व्हय."

"माझं का न्हाय ल्हिलंस?"

बाई कपाटाकडं वळली, उगीच. खरं सांगायची वेळ हीच होती, आणि विचारायचा हक्क हिच्याशिवाय कुणाला नव्हता. माझ्या तोंडून निघालं, "विसरले गं."

ती माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं, आता पुन्हा आठ दिवस अबोला. तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला, थोपटल्यासारखं केलं.

"असू दे. मी पन विसरतो की."

येताना तिला नरसोबाच्या वाडीला कवठाची बर्फी पाहिजे होती. घेऊन दिली, मला खाववली नाही.

पासपोर्ट गेल्या आठवड्यात आला. पोस्टमननं दारात तिचं पूर्ण नाव पुकारलं. ज्याचा त्यालाच द्यावा लागतो, म्हणून मला हात लावू दिला नाही. तिनं तो घेतला आणि पोस्टमनलाही सांगितलं, आई माझं नाव घालायला विसरलेली. हे ती हल्ली सगळ्यांना सांगते. भावाला सांगितलं, कार्यशाळेत सांगितलं, गिरणीतही. कुणी हसलं तर माझी बाजू घेऊन भांडते, म्हणते, माझ्या आईला बोलायचं न्हाय, मानूस विसरतंय. मुलगा फोनवर म्हणाला, आई, तू आणि विसरलीस? मी विषय बदलला.

काल परत नळ चालू राहिला. टाकी रिकामी, मोरीत पाणीच पाणी. मी तणतणत गेले, तर ती नेहमीसारखी मान खाली घालून उभी नव्हती. माझ्याकडं बघून चक्क हसत होती.

"विसरलो," ती म्हणाली. "आपन दोघी सारख्याच."

ती खरंच विसरली होती. मी व्हय म्हटलं आणि नळ बंद करायला गेले.